राणीचा दीड वीत दोर

मंगळवार, संध्याकाळ, लाखांदूर

उद्याच्या वरातीसाठी आमची घोडी राणी पिकअपमधून आणली. तोंड पुढं, दोर मोजून दीड वीत. गाडीत घोडी आखूडच बांधायची, हा नियम मी स्वतः अनुभवातून ठरवलेला. नाल्याच्या वळणावर तिनं लाथा झाडल्या, मागच्या पायाचं कातडं सोललं. ड्रायव्हर सुधाकरनं गाडी थांबवली. "अगा भाऊ, मान हलवाले जागा तं दे तिले! तुले असं बांधून नेलं तं तू उभा राहशील का?"

रागानंच दोर सोडून हातात धरला. ती फिरली, मागं तोंड करून लाखांदूरपर्यंत शांत उभी राहिली.

दीड वीत! इतकी वर्षं मीच तिला घाबरवत होतो?

उद्या वरातीनंतर परत गाडीत चढेल का? आत्ता पायाला हळद लावायला गेलो, तर माझा हात बघूनच मागं सरकली.