खुकरीला रक्त दाखवायचं असतं

लखनऊ,
२ ऑक्टोबर १९८३

ती. सुभद्राताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण तुझा भाऊ आता साधा डिस्पॅच क्लार्क राहिलेला नाही. नऊ वर्षं लिफाफ्यांना तिकिटं चिकटवून जिभेची चव गेली होती. परवा माथुर साहेबांनी तराईतल्या सर्व्हे कॅम्पची यादी लावली आणि तिच्यात सातवं, म्हणजे शेवटचं, नाव माझं! वीस नोव्हेंबरला लखीमपूरच्या जंगलाकडे निघायचं, तीन महिने तंबूत राहायचं. काम नीट झालं तर कायम फील्डवर, नाही तर पुन्हा तेच टेबल आणि तोच डिंक. आमच्या बडे बाबूंनी तोंडातलं पान सांभाळत भाकीत केलं आहे की मी दोन दिवसांत परत येईन. त्यांचा भाचा वेटिंगवर आहे. ताई, मला हा कॅम्प हवा आहे. इतकं मनापासून मी आजवर काही मागितलेलं नाही.

तर जंगलात जायचं म्हणजे खुकरी हवी. खुकरी म्हणजे नेपाळी लोकांची ती वाकडी, जाड पाठीची सुरी. सर्व्हेच्या दुर्बिणीला समोरचं दिसावं म्हणून झुडपं तोडावी लागतात, त्याला ती उत्तम. ऑफिसात या विषयाचे इतके जाणकार निघाले की मी थक्क झालो. अकाउंट्सवाल्यांच्या मते पातं हातभर हवं. टायपिस्टच्या मते मूठ शिंगाची हवी. बडे बाबूंच्या मते मुठीवर सिंहाचं तोंड नसेल तर ती खुकरीच नव्हे, सुपारीचा अडकित्ता. यांपैकी कोणीही आंब्याहून कठीण काही कापलेलं नाही, आणि तोही दसहरी.

छावणीतल्या सदर बाजारात गेलो. दुकानदार इतक्या अदबीने बोलत होता की न घेता उठणं म्हणजे त्याचा अपमान झाला असता. मुठीला पितळी सिंह, म्यानाला लाल मखमल. पैसे दिल्यावर त्याने आवाज खाली आणून सांगितलं की एकदा म्यानातून काढली की रक्त दाखवल्याशिवाय ती परत ठेवायची नसते, अशी गोरख्यांची रीत आहे. आता आली का पंचाईत! आपण रोज पंचशील म्हणणारी माणसं, प्राण्याला इजा करणार नाही म्हणून सांगणारी. कोंबडीसुद्धा चालायची नाही. खूप विचार करून मार्ग काढला. स्वतःचंच बोट! दुसऱ्या जिवाला त्रास नाही आणि त्यांच्या रीतीचाही मान राहतो. आतापर्यंत तीन बोटं झाली. तुझी भावजय शैला नुसती आयोडिनची बाटली पुढे आणून ठेवते.

बाबांना एकदम सांगू नकोस, बेताबेताने सांग. माझ्यावरची माया आहे तेवढी ठेव, उपदेश मात्र अर्ध्या पानात आटप.

तुझा,
दत्तू


नागपूर,
११ ऑक्टोबर १९८३

चि. दत्तूस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

बेताबेताने सांगायची सोय तुझ्या लेकीने ठेवली नाही. मायाने आजोबांना हिंदीत पोस्टकार्ड पाठवलं की हमारे घर में रोज़ खून होता है, पापा करते हैं और मेहमान देखने आते हैं. पोस्टमनने ते आधी स्वतः वाचलं, मग कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला वाचून दाखवलं आणि मग आम्हाला दिलं. दिवे लागेपर्यंत आपल्या गल्लीत मी खुन्याची बहीण झाले होते. शाळेत हेडबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की भावाला वकील दिला आहे का.

तुझं पत्र आल्यावर खुलासा झाला, पण प्रकरण तोवर विहाराच्या कमिटीत गेलं होतं. एका गटाचं म्हणणं, आपलं बोट हाही प्राण्याचाच भाग, तेव्हा शील मोडलं. दुसऱ्याचं म्हणणं, बोट सुटं धरलं तर त्याला प्राणी म्हणता येत नाही. शेवटी उपसमिती नेमली आहे. चिटणीस म्हणून बाबांनी इतिवृत्त लिहायचं, पण त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही, आणि घरी येऊन जेवलेही नाहीत.

मी वीस वर्षं विळीवर भाजी चिरते आहे. तिने मला न विचारता पुष्कळदा रक्त घेतलं, पण मागून कधी घेतलं नाही. तू सगळ्या लखनऊला विचारलंस, एखाद्या नेपाळी माणसाला विचारलंस का? मी मागच्या वर्षी आले होते तेव्हा तुमच्या फाटकावरच्या नेपाळी चौकीदाराने मला बसायला स्वतःचं स्टूल दिलं होतं. तुम्ही सगळे त्याला बहादूर म्हणता. तो असेल बहादूर, पण त्याचं नाव काय?

शैलाला आणि मायाला आशीर्वाद. तुझ्या दहा बोटांवर माझा जीव आहे, ती मोजून ठेव.

तुझी,
सुभद्राताई


नागपूर,
१४ ऑक्टोबर १९८३

चि. दत्तू यास,
आशीर्वाद.

ती वस्तू परत कर. घरात विळी असते, तिला माझी हरकत नाही. पण माझा मुलगा कमरेला सुरी लावून फिरणार असेल तर त्या कॅम्पला माझा आशीर्वाद नाही. पंचशील तुला पाठ आहे, निराळं कारण विचारू नये. प्रकृतीस जपावे.

रावसाहेब


लखनऊ,
२८ ऑक्टोबर १९८३

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

बाबांचं चार ओळींचं पत्र पोचलं. चारशे ओळींचं असतं तर बरं, असं वाटलं. आणि आता ज्या कॅम्पसाठी त्यांचा आशीर्वाद मागायचा तो कॅम्पही राहिला नाही.

झालं असं. धम्मचक्र दिनाला इथली आपली बारा-पंधरा कुटुंबं आमच्याकडे जमली. वंदना झाली, खीर झाली आणि मग प्रत्येकाला खुकरी बघायची होती. जो उशिरा येई त्याच्यासाठी पुन्हा काढायची. पाच वेळा काढली. एकूण आठ बोटांना पट्ट्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी माथुर साहेबांनी आम्हा सात जणांना मागच्या मैदानात नेऊन मोजणीच्या काठ्या हातात दिल्या. माझी मूठच वळेना. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले की ज्याला ऑफिसात बसून एवढ्या जखमा होतात त्याला जंगलात नेण्याची जोखीम सरकार घेऊ शकत नाही. माझ्या नावावर लाल पेन्सिल फिरली आणि बडे बाबूंचा भाचा वर चढला. बडे बाबूंनी सगळ्यांना बालूशाही वाटली. मला दोन दिल्या, ते जास्त लागलं.

घरी येऊन रागाच्या भरात अंगणातल्या कडुनिंबावर खुकरी चालवली. तिसऱ्या घावाला सिंह माझ्या हातात राहिला आणि पातं उडून शैलाच्या भोपळ्याच्या वेलात पडलं. बघतो तर पात्याचं शेपूट मुठीत जेमतेम बोटभर गेलेलं, बाकी सगळी सीलची लाख भरलेली. शैलाने पातं उचलून आणलं आणि भोपळा वाचला एवढंच म्हणाली.

ताई, फार वाईट वाटतं आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणी मला टेबलावरून ऊठ म्हणालं होतं. चौकीदाराचं नाव अजून विचारलेलं नाही. नऊ वर्षं त्याचा सलाम घेतला, आता कोणत्या तोंडाने विचारू?

तुझा लोभ असू दे. सध्या त्याची गरज जास्त आहे.

दत्तू


लखनऊ,
१६ नोव्हेंबर १९८३

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

विचारलं! त्याचं नाव ईश्वर. म्हणजे बघ, ईश्वर मानायचा नाही ही आपल्या घरची प्रतिज्ञा, आणि फाटकावर रोज तोच उभा.

नाव विचारल्यावर तो आधी घाबरला. त्याला वाटलं तक्रार झाली आहे. मग माझ्या पट्ट्या बघून त्याने विचारलं काय झालं. मी रक्ताची रीत सांगितली तर तो हसत हसत स्टुलावरच बसला. म्हणाला की त्याची बायको मधुमती रोज खुकरीनेच सरपण फोडते, भोपळा कापते आणि कांदा चिरते, तर बाबूजींच्या हिशेबाने तिच्या अंगात आता थेंबभर तरी रक्त उरलं असेल का. ही रीत त्याने पहिल्यांदा ऐकली ती इथल्याच दुकानदाराकडून, आणि तेव्हा त्याला वाटलं की ही लखनऊची रीत असेल.

मग मधुमती मला सदरमागच्या एका लोहाराकडे घेऊन गेली. निवड तिने केली नाही, मला करायला लावली. हात खाली सोडून धरायची, पातं मनगटाला ओढत असेल तर बाजूला ठेवायची. पात्याच्या पोटावर कानस फिरवायची, ती घसरली तर पाणी बरोबर दिलेलं आहे. मूठ उलटी करून बघायची, पात्याचं शेपूट आरपार येऊन ठोकलेलं हवं. मग ओंडक्यावर दहा घाव घालायचे आणि तळहात बघायचा. अकरा खुकऱ्या मी नाकारल्या. लोहार चिडेल असं वाटलं होतं, पण सहाव्या खुकरीनंतर तो मला अहोजाहो करू लागला. बारावी घेतली. वीतभर आणि वर चार बोटं पातं, साधी लाकडी मूठ, सिंह नाही, मखमल नाही. सोबत दोन छोट्या सुऱ्या, एक बटाटे सोलायची आणि एक बोथट, धार सारखी करायची.

आणि आता ऐक. भाच्याला कोणी तरी सांगितलं की कॅम्पच्या पाणवठ्यावर वाघ येतो. दुसऱ्या दिवशी आई अत्यवस्थ असल्याची तार आली. तार माथुर साहेबांच्या हातात होती तेव्हाच त्याची आई त्याचा विसरलेला डबा घेऊन ऑफिसात आली. ती माउली चांगली धडधाकट होती. साहेबांनी दोघांना चहा पाजला आणि मला बोलावून माझी बोटं एकेक करून तपासली. मग सर्वांसमोर मैदानातली रानएरंडी तोडायला सांगितली. अर्ध्या तासात पलीकडची भिंत दिसायला लागली.

परवाच्या दिवशी निघतो आहे, दोन दिवस आधी, तंबू ठोकणाऱ्यांबरोबर. बाबांना काय लिहू ते सुचत नाही. तू हे पत्र त्यांना वाचून दाखव, मग ते रागावले तरी चालेल. शैलाचा जयभीम. ताई, तू ते नाव विचारायला लावलंस, म्हणून तुला जन्मभर सोडणार नाही.

दत्तू


मुक्काम कॅम्प, जि. लखीमपूर खीरी,
१८ डिसेंबर १९८३

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचा शब्द मोडून आलो आहे, म्हणून महिनाभर लिहायचं धैर्य झालं नाही.

इथे पहिल्या संध्याकाळी सगळा कॅम्प माझी खुकरी बघायला जमला. बडे बाबूंनी सगळी हकीकत पुढे कळवली होती. एकाने कापूस हातात धरला होता. मी म्यानातून काढली, भोपळा कापला, पुसली आणि परत ठेवली. मंडळींची इतकी निराशा झालेली मी आजवर पाहिली नाही.

तेव्हापासून आम्ही रोज झुडपं तोडत सरळ रेषेत पुढे जातो, मागून दुर्बीण येते. परवा माथुर साहेबांनी रेषेच्या टोकाला उभं राहून मागे बघितलं आणि सांगितलं की मला कायम फील्डवर घेण्याचं पत्र त्यांनी वर पाठवलं आहे. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मला तुमचं एक पोस्टकार्ड हवं होतं, ते नव्हतं. प्राणी एकही मारलेला नाही, बाबा, आणि बोटं दहाही शाबूत आहेत. तरी तुमची नाराजी असेल तर ती लिहून पाठवा, पण पाठवा.

आपला,
दत्तू


नागपूर,
२ जानेवारी १९८४

चि. दत्तू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सुभद्राने तुझं आधीचं पत्रही पुन्हा वाचून दाखवलं. मी पंचशील पुढे केलं ते खरं कारण नव्हतं. हे उपसमितीला कळवू नये, तिचा अहवाल अजून यायचा आहे.

तुझ्या आजोबांच्या कमरेला सुरी असे. गावात कोणाचं ढोर मेलं की माणूस येई, लांब उभा राहून जातीच्या नावाने हाक मारी आणि आबा सुरी घेऊन निघत. मेलेलं ढोर ओढायचं, सोलायचं. ताप असो की घरात लग्न असो, नाही म्हणायची सोय नव्हती. ते वारले त्याच आठवड्यात हाक आली आणि सुरी माझ्या कमरेला आली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. दीक्षा घेतली त्या साली ती मी नदीत फेकली आणि ठरवलं की माझ्या मुलाच्या कमरेला पुन्हा सुरी दिसणार नाही. मायाचं कार्ड आलं त्या दिवशी मी तीन वेळा हात धुतले, तरी जेवण जाईना. तुम्हा मुलांना हे सांगितलं नाही, कारण मला लाज वाटत होती. लाज मला वाटायला नको होती, हे या वयात कळतं आहे.

सुभद्रा वाचत होती तेव्हा एका ठिकाणी मी तिला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. तू अकरा नाकारल्यास, आणि लोहार तुला अहोजाहो करू लागला. दत्तू, आपल्या घराण्यात तुझ्या आधी कोणाला एकही नाकारता आली नव्हती.

खुकरी कमरेला लाव.

तुझा,
बाबा