आई, मी नाव घेतलं

जोहान्सबर्ग, १४ जून

आई,

देवाच्या दयेने मी बरी आहे. बाबांची कंबर कशी आहे? गाय व्याली का? माझी बेतेल शाळेत जाते, की नुसतं दप्तर मिरवते? इकडे थंडी कडाक्याची आहे, त्यामुळे माझी कॉफी बरी खपते. आपला अर्फिचो गावी येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. पास्टरांकडून वाचून घ्याल तेव्हा बाबा घरात नसतील असं बघा. फोनवर सांगायला माझी जीभ रेटेना.

माझ्या अपिलाची सुनावणी झाली. आश्रयाचा अर्ज मुळात का फेटाळला, ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. कागद कमी पडले म्हणून वेळ मारून नेली. खरं असं, की तेव्हा साहेबाने नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं. मी 'मिशामो' म्हटलं आणि गप्प बसले. पुढे बाबांचं नाव येत होतं, आणि सुनेने सासऱ्याचं नाव कसं घ्यावं? त्याने पुन्हा विचारलं, मी मान खाली घातली. दुभाष्या अदिस अबाबाचा, त्याला आपल्याकडच्या सुनांच्या रीती काय ठाऊक? लिहून देते म्हणावं, तर तेही सुचलं नाही. निकालात आलं, हिला नवऱ्याचं नाव सांगता येत नाही, तेव्हा लग्नच खोटं. लग्न खोटं म्हणजे ह्यांना पोलिसांनी नेलं तेही खोटं, मग माझ्या मागे लागले तेही खोटं. मला मात्र वाटत होतं, मी बाबांचा मान राखला. त्या मानापायी चार वर्षं गेली. कागद झाल्याशिवाय बेतेलला आणता येत नव्हतं.

माझी वकील थांडेका इथलीच, कोझा जमातीची. निकाल वाचून म्हणाली, "काय गं, खरंच माहीत नाही नाव?"

"सासऱ्यांचं आहे," मी म्हटलं.

तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, आमच्यातही सुना घेत नाहीत. पण आता घ्यावं लागेल. सासरे काही टेबलाखाली बसलेले नसतात."

"तुझी आई घेईल?"

"नाही घेणार. पण माझ्या आईला इथून कुणी हाकलत नाहीये."

सुनावणीत तिने रीत समजावून सांगितली. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी ऐकून घेतलं, पण म्हणाल्या, नाव टेपवर यायला हवं, तुम्हीच सांगा. मी घेतलं, आई. आवाज फुटेना, तर त्यांनी मोठ्याने म्हणायला लावलं. ज्यांनी माझं बोचकं स्वतः उचलून मला बसपर्यंत पोचवलं, त्यांचं नाव मी परक्या लोकांत एखाद्या पोराटोराचं घ्यावं तसं घेतलं. घरी येऊन खूप रडले. तुम्ही मला माफ कराल, हेही ठाऊक आहे.

पण एवढंच असतं तर फोनवर रडून मोकळी झाले असते.

निकाल माझ्या बाजूने लागला. थांडेका म्हणते, आता बेतेलचा अर्ज घालू, वर्षभरात येईल. मी हो म्हटलं. तुम्हाला न विचारता हो म्हटलं.

तीन वर्षांची होती, तेव्हा तिला तुमच्या पदरात टाकून निघाले. परवा फोनवर मला विचारते, "तुझ्याकडे आजी कुठे झोपेल?" मी रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

तुम्ही 'ने तुझी पोर' असं कधी म्हणाला नाहीत, 'नको नेऊ' असंही नाही. तुमचा मुलगा गेल्यावर त्या घरात चूल पेटत राहिली ती तिच्यामुळे, हे मला कळतं. मी पहिल्याच वेळी तोंड उघडलं असतं, तर मला विसरायच्या आत ती इकडे आली असती, आणि तुम्हालाही तिचा एवढा लळा लागला नसता. आता नेते म्हटलं तरी पाप, राहू दे म्हटलं तरी पाप. पण मला ती हवी आहे, आई.

अर्फिचो तिला फोटो काढायला दुरामेला नेईल. केस नीट विंचरून द्या. फोटो कशासाठी, ते तिला तुम्हीच सांगा. माझ्याने नाही होणार.

तुमच्या घरात उरलेलं एकुलतं लेकरू मागणारी,
तुमची सून
अमारेच