अर्धा सोललेला बटाटा

४ मार्च, मंगळवार

बटाटे उकडायची परीक्षा! हसावं की रडावं?

या पुनर्वसन केंद्रातली थेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "काकू, इथल्या स्वयंपाकघरात एकटीनं बटाटे उकडून दाखवा, मग घरी सोडायचं बघू." मी म्हटलं, अगं, जन्म गेला माझा चुलीपुढे. बटाटे म्हणजे डाव्या हाताचा मळ!

बोलले आणि जीभ चावली. डावा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

६ मार्च, गुरुवार

खिळ्यांच्या फळीत खोचून एका हातानं बटाटा सोलला. अगदी लख्ख. तिनं तो माझ्यापुढे फिरवला — अर्धी साल तशीच! डावीकडची.

"डोळे चांगलेत हो तुमचे. पण पक्षाघाताचा झटका आल्यापासून मेंदू डाव्या बाजूकडे बघतच नाही."

म्हणजे डोळे चांगले आणि जग अर्धं. ताटात अर्धं जेवण राहतं आणि मी वाढणारीशी भांडते, आज कमी का वाढलंस?

शेजारच्या खोलीतल्या ड्रायव्हरभाऊंचा उजवा हात गेलाय. म्हणाले, "वहिनी, आपण दोघं मिळून एक बटाटा सोलू." सगळे हसले. मीही. मग खोलीत येऊन उशीत तोंड खुपसलं.

७ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

११ मार्च, मंगळवार

सगळं पाठ आहे मला! बटाटे एका मापाचे घ्यायचे. गार पाण्यात टाकायचे. सासूबाई म्हणायच्या, "उकळत्यात टाकलास तर वरून लगदा, आत दगड." मीठ आधीच. पाणी खदखदू द्यायचं नाही, नुसतं हलतं ठेवायचं. सुरी खुपसून उचलायचा — आपसूक घसरला की झाला. पाणी लगेच ओतून टाकायचं, त्याच गरम भांड्यात वाफ जाऊ द्यायची.

झोपेतून उठवून विचारा, सांगेन. आणि आज मीठ भांड्यात नाही, भांड्याशेजारी ओट्यावर टाकलं. मूठभर!

१३ मार्च, गुरुवार

हे बघायला आले होते. काचेपलीकडे उभे.

बटाटे झाले सुरेख. एकही फुटला नाही. मी वळून यांच्याकडे बघून हसले. यांचा चेहरा पांढराफटक! थेरपिस्ट धावत आत आली. डावीकडची शेगडी मीच कधीतरी पेटवली होती आणि तिच्यावर फडकं टाकलं होतं. फडकं जळत होतं. वास आला होता मला — वाटलं, बाहेर कुणी कचरा जाळतंय.

हे रागावले असते तर बरं झालं असतं. निघताना रोज डोक्यावर हात ठेवतात. आज नुसतं, "येतो."

देवानं न्यायचं तर पुरती न्यायची होती. अर्धी कशाला ठेवली?

१५ मार्च, शनिवार

उठलेच नाही. ड्रायव्हरभाऊ दारातून म्हणाले, "वहिनी, शिजेपर्यंत दम निघतो, निवेपर्यंत निघत नाही, तसं करू नका." भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१८ मार्च, मंगळवार

थेरपिस्टनं शेगडीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. "लाल दिसेपर्यंत मान वळवायची. प्रत्येक वेळी." मान दुखते. रडत रडत वळवते. लाल दिसतं. कधी कधी दिसत नाही.

पाणी तळाला लागेपर्यंत आटलं आज. चार बटाटे, चारी करपले. पोरगी म्हणाली, "पुन्हा." मी म्हटलं, माझ्या नादाला लागू नकोस, बाई. तिनं नवे बटाटे पुढ्यात ठेवले.

२४ मार्च, सोमवार

पास!

मान वळवली — लाल. साल काढली, बटाटा फिरवला, पुन्हा काढली. बटाटा सुरीवरून घसरला. दोन्ही शेगड्या बंद. मान वळवून पुन्हा बघितल्या. थेरपिस्टचे डोळे भरले, वेडी कुठली. गरम गरम बटाटा मीठ लावून सगळ्यांनी खाल्ला. ड्रायव्हरभाऊंना मी भरवला.

यांना फोन केला. "पास झाले! सोडतायत!" पलीकडून, "हं. बरं झालं."

२७ मार्च, गुरुवार

घरी आले. स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप. नवं कोरं.

किल्ली मागितली. "सापडत नाहीये," हे म्हणाले. खिशात वाजत होती.