सिंगल बेल

मंगळवार, सकाळचे सात

अहो ड्रायव्हरसाहेब,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे, तुम्हीही असाल. बीपीची गोळी नाश्त्यानंतर घ्यायची, आधी नाही. पाण्याची मोटर वेळेवर बंद करा, टाकी वाहिली की शेजारीण माझ्या नावाने बोंब मारते.

फोन असताना पत्र कशाला, म्हणाल. फोन तुम्ही मध्येच ठेवता. कागद फाडायचा झाला तरी माणूस आधी वाचतो.

शहर सुंदर आहे हो. काल सकाळी एकटीच हिंडले. एकटीच का, ते पुढे येईल. उतारावर पांढरी घरं, खाली समुद्र, आणि पाणी इतकं नितळ की तळातले दगड दिसतात. पण सगळ्यांच्या कपाळाला आठी. दुकानांची शटरं अर्धीच वर, गिऱ्हाईक वाकून आत जातं आणि वाकूनच बाहेर येतं. किनाऱ्यावरच्या बाकांवर लोक समुद्राकडे पाठ करून बसतात, रस्त्यावर लक्ष ठेवायला. लॉजच्या मॅनेजरने बजावलं, मावशी, दीपगृह बघा, बाजार बघा, जुन्या गोदीकडे मात्र फिरकू नका. तीन आठवड्यांपूर्वी तिकडे जाळपोळ झाली, ते लोकच तसले. कसले, विचारलं तर किल्ल्या लावत बसला.

दीपगृह बघितलं. बाजार बघितला. तुमच्यासाठी टोपी घेतली, झाडांना पाणी घालताना घाला. आता हातात चहा असेल तर कप खाली ठेवा. दुपारी मी जुन्या गोदीची बस पकडली.

मैत्रिणींबरोबर सहलीला जाते हे खोटं होतं. त्या आपापल्या घरी आहेत. जुन्या गोदीचा फोटो आलेलं पेपरचं पान तुम्ही गादीखाली घडी करून ठेवलंत, ते चादर बदलताना मला सापडलं. म्हणजे झोप तुमचीही उडाली होती. पण तुम्ही बोलणार नाही आणि मी विचारणार नाही, सहा वर्षं हाच आपला संसार.

बसमध्ये तिकीट मागितलं तर कंडक्टर म्हणाला, तिथे गाडी थांबत नाही, पुढच्या थांब्यावर उतरा. मी विचारलं, थांबा रद्द झालाय? नाही. लेखी हुकूम आहे? नाही, पण कुणीच थांबवत नाही. माझं डोकं फिरलं. शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर पावांची पिशवी. हळूच म्हणाली, मी रोज पुढे उतरते आणि अर्धा तास मागे चालत येते, गुडघ्यांना सवय झाली आता.

थांब्याची पाटी दिसली. माणसंही उभी होती, गाडी थांबणार नाही हे माहीत असून. गाडीने वेग घेतला. आणि जित्याची खोड! मी उठले आणि दोरी ओढली. सिंगल बेल, खणखणीत.

गाडी जागेवर उभी राहिली. ड्रायव्हरचा पाय डोक्याला विचारत नाही, हे तुम्हीच सांगायचात. कंडक्टरने माझ्याकडे असं बघितलं की खाऊ का गिळू. मी म्हटलं, सत्तावीस वर्षं हेच काम केलंय पोरा, तक्रार करायची तर कर, नाव-पत्ता लिहून देते. म्हातारी उतरली. तिच्यामागे आणखी चौघं उतरली, तोवर कुठे जायचं ते न बोलता बसलेली. खालची माणसं वर चढली. मग त्यानेच डबल बेल दिली, आणि गाडी गेली.

आपली लेक, आपला भोंगा, गोदीजवळच्याच आळीत राहते. नाव तुम्हीच ठेवलं होतं, रडायला लागली की डेपोपर्यंत ऐकू जायचं म्हणून. खालचं दुकान जळलंय, जिना काळा पडलाय, वर दोन खोल्या. दार तिनेच उघडलं. वाळलीय. मागे एक चार वर्षांची पोर, हनुवटी थेट तुमची. मला बघून तिने जो गळा काढला, तो ऐकून मला हसूही आलं आणि रडूही. छोटा भोंगा आहे.

ज्याचं तोंड बघणार नाही म्हणालात, त्या जावयाचा उजवा हात भाजलाय. शेजाऱ्याचं जळतं शटर उचलताना. डाव्या हाताने त्याने मला चहा करून दिला. वेल्डर आहे, आळीतली मोडकी शटरं तो डाव्या हातानेच जोडतोय, म्हणून जागा सोडणार नाही. पण म्हणाला, आई, या दोघींना थोडे दिवस घेऊन जा. पोर दाराचा आवाज झाला की पलंगाखाली जाते.

भोंगा मात्र यायला तयार नव्हता. म्हणाली, "बाबा 'निघ' म्हणाले त्याचं काही नाही गं. तू 'थांब' म्हणाली नाहीस."

अहो, खरंच. ती पिशवी घेऊन उंबऱ्यात किती वेळ उभी होती, आठवतं? माझ्याकडे बघत होती. अख्खी नोकरी मी परक्या माणसांसाठी तुम्हाला गाडी थांबवायला लावली, आणि पोटची पोर उतरत होती तेव्हा मूग गिळून बसले. भ्यायले तुम्हाला. याची लाज मला सहा वर्षं वाटतेय, आणि आजवर कुणाला बोलले नाही. चुकलं माझं, असं तिला म्हटलं. मग तिने विचारलं, बाबांनी दार उघडलं नाही तर? मी म्हटलं, मग मीही बाहेर.

हे रागाने लिहिलेलं नाही. रात्रभर विचार करून, सकाळी तोंड धुऊन लिहिलंय. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघी येतोय. पोरीला दूध लागतं, जास्त घेऊन ठेवा. दार उघडलं नाहीत तर पायरीवर बसू, आणि दोन्ही भोंगे एकदम सुरू झाले तर आपल्या आळीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

साडेसहाला दारची बेल वाजेल. एकदाच वाजवीन. तिचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. डबल बेल मी देणार नाही.

तुमचीच,
कंडक्टर
(अजून ड्यूटीवर)