मास्तरांचा डावा खांदा

ता. ९, गुरुवार

प्रिय दादा,

नमस्कार. मामाच्या कारखान्यात तुझं बरं चाललं असेल असं धरून चालते. इथे सगळे ठीक. आईचा गुडघा आता जिना चढू देतो. बाबांनी शिलाई मशीन खिडकीपाशी हलवलंय. उजेड बरा येतो म्हणतात, पण उजेडाचं निमित्त. तिथून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता दिसतो, आणि तू येशील तर त्याच रस्त्याने. हे मी सांगितलं असं त्यांना कळू देऊ नकोस.

फोनवर मी तुला अकरा निरोप पाठवले. अकराही तू वाचलेस, तशी खूण उमटली. उत्तर एकाचंही नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. फाडायचं झालं तरी ते हातात घ्यावं लागेल.

त्या संध्याकाळी तू सभागृहाच्या मागच्या दाराने निघून गेलास. पुढे काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसणार. तू असतानाच दुसऱ्या गाण्याला ड्रम उशिरा आला, तेव्हा लोक हसले. कीबोर्डवर मास्तर आणि गायला ताई, दोघं पुढे दिव्यात, आणि तू मागे निळ्या मखमली पडद्याआड. मास्तरांचा डावा खांदा तुला दिसणार कसा? ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ते मास्तर खांदा उचलून खूण करतात, आणि ज्याला ऐकू येत नाही तो तू त्या खुणेवर ताल धरतोस. दोन वर्षं हे एकदाही चुकलं नाही. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले होते, "हा बघतोय की नाही ते मला कळणार नाही. मी उचलणार, पुढचं त्याच्यावर." त्या खुणेच्या आड कापड टांगलं आणि वर म्हणे, मुलाला ताल नाही!

तू गेलास आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्येच ताईंनी गाणं थांबवलं. चाकाची खुर्ची वळवली, पडद्याची कड मुठीत धरली आणि चाकं जोरात पुढे मारली. अर्धा पडदा कड्यांसकट खाली आला. मागे काय, तर रिकामं स्टूल, ड्रम, आणि ठोक्याची थरथर कळावी म्हणून तू अनवाणी पाय टेकतोस ती तुझी फळी. मग मास्तर माइकवर म्हणाले, "आमचा ताल माणूस आहे, तो घरी गेलाय. तो आला की उरलेलं वाजवू." आणि त्यांनी कीबोर्डचं झाकण लावलं. दुसऱ्या रांगेतली एक आजी उठून विचारत होती, "पण त्या पोराला मागे बसवलंच का?"

आणि हे सगळं कुठे, तर गुणगौरव समारंभात! त्याच माइकवर समारंभ भरवणाऱ्या मंडळाचे सचिव पंधरा मिनिटं बोलले होते की अशा मुलांचा समाजाला अभिमान वाटला पाहिजे. अभिमान वाटायचा, पण दिसायचा नाही. परवा त्यांनी मला कार्यालयात बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "पुढच्या वर्षी मास्तरांना आणि त्या खुर्चीवाल्या बाईंना जरूर आणा. अंध माणूस गातो-वाजवतो याचं लोकांना कौतुक असतं. तुमच्या भावाचं काय आहे, तो वाजवताना घशातून आवाज काढतो. पाहुणे बिचकतात."

मी म्हणाले, "साहेब, तुमच्या भाषणालाही लोक जांभया देत होते. तुम्हाला कोणी पडद्याआड बसवलं नाही."

चहा तसाच ठेवून आले. जिना उतरताना फार बरं वाटलं. घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, "शिकवलं ते फुकट नाही गेलं." मग माझं लक्ष भिंतीवर गेलं. माझ्या पदवीच्या कागदाला तू केलेली सागवानी चौकट तिथे आहे. तिच्याखाली मला उभं राहवेना.

कारण मी आत्तापर्यंत लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पुरं नाही.

पडदा सचिवांच्या डोक्यातून निघाला. पण त्याला हो कोणी म्हटलं? रंगभूषेच्या खोलीत ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला परिस्थिती समजते." एवढंच. घरात आजवर कोणी मला असं म्हटलं नव्हतं, कारण घरात कोणालाच ते म्हणायची गरज वाटली नव्हती. मी फुगले. आणि खरं सांगते, तुझ्या त्या आवाजाची मला लहानपणापासून लाज वाटत आली आहे. मैत्रिणी घरी आल्या की मी रेडिओ मोठा करायचे. तुला ते कधी कळलं नाही असं मी समजत होते.

मी सचिवांना म्हणाले, "लावा पडदा. त्याला कुठे ऐकू येतं, त्याला काही वाटायचं नाही."

तुझ्याकडे पाठ करून म्हणाले. तू मागे बसून ड्रमचे स्क्रू आवळत होतास. माझ्या समोर भिंतभर आरसा आहे, हे माझ्या तू निघून गेल्यावर ध्यानात आलं.

दादा, ओठ वाचायला तू माझ्याच ओठांवर शिकलास. तुला शाळेने घेतलं नाही. मी शाळेतून आले की तुझ्यासमोर बसून प्रत्येक धडा हळूहळू वाचायचे, तू चुकलेलं पकडायचास, आणि त्यातच माझं पाठांतर व्हायचं. त्या पदवीत निम्मे कष्ट तुझ्या डोळ्यांचे आहेत. त्या ओठांवर तू नेमकं हे वाचावंस! सचिवांचा मला राग आहेच, तो मी सोडणार नाही. पण ते परके. मी कोण होते?

आता कामाचं. येत्या रविवारी, सकाळी दहा वाजता, वाचनालयाच्या अंगणात कार्यक्रम ठरवला आहे. तिथे पडदा टांगायला छतच नाही. तुझी फळी मी सभागृहातून आणली, पॉलिश पेपरने घासून ठेवली आहे. तुझ्याइतकी गुळगुळीत झाली नाही, एका कोपऱ्याला लाकडाची टोचरी कूस राहिली आहे, पाय जपून ठेव. मी दुसरा ड्रमवाला बघू का, असं भीतभीत विचारलं, तर मास्तर भडकले. "खांदा काय भाड्याने द्यायचाय मला?" ताईंनी सांगितलंय, तू नसलास तर त्या गाणार नाहीत, नुसत्या बसून राहतील, आणि लोकांना कारण सांगतील. कारण म्हणजे माझं नाव. मी त्यांना सगळं सांगून हो म्हटलं आहे.

तू आलास तर सुरुवातीला मी मंचासमोर उभी राहीन, उन्हात, तोंड तुझ्याकडे करून. ते वाक्य ज्या तोंडाने बोलले, त्याच तोंडाने मागे घ्यायचं आहे. सचिवांनाही बोलावलं आहे. तुला दिसावं म्हणून सावकाश बोलेन, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने. त्यानंतर वाजवायचं की उठून जायचं ते तू ठरव. वाजवलंस तर घशातून हवा तेवढा आवाज काढ. या वेळी रेडिओ बंद आहे.

मामा-मामींना नमस्कार.

उत्तराची नाही, तुझीच वाट बघणारी,

तुझी टकळी