आईसाठी उंच केलेली गाडी

बाबा, तुमची लाल गाडी अजून माझ्याकडेच आहे. गोंदियात माझ्या खोलीच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, तिथे ती उभी असते. रविवारी मी ती पुसते आणि बॅटरी उतरू नये म्हणून बाजारापर्यंत एक चक्कर मारून आणते. आईला जाऊन आता वर्ष होत आलं. ती होती तोवर घरात तुमच्याबद्दल बोलायला कोणीतरी होतं. आम्ही दोघी फार बोलायचो असं नाही, पण बोलता आलं असतं. आता तेही नाही, म्हणून लिहायला बसले आहे. माझं अक्षर तुम्हाला कधी आवडलं नाही. मुंग्या चालल्यासारखं आहे म्हणायचात. ते अजून तसंच आहे.

तुम्ही आयुष्यभर राईस मिलची ट्रक चालवलीत. तांदूळ भरून रायपूर, तांदूळ भरून नागपूर. काम सुटलं तेव्हा लोकांना वाटलं, हा माणूस आता गाडीचं तोंड पाहणार नाही. आणि तुम्ही रायपूरहून कुणा ठेकेदाराच्या मुलाने हौसेने सजवलेली जुनी गाडी घेऊन आलात. भडक लाल, जमिनीला टेकलेली, रुंद टायर, मागे पंख, आणि सायलेन्सर असा की गावाबाहेरूनच कळावं. आईने विचारलं, हे काय. तुम्ही म्हणालात, "जिंदगीभर लोकायनं मले ओव्हरटेक केलं. आता एकदा मी करून पाहतो."

ती गाडी गावात शिरली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. दिवाळी होऊन गेलेली होती आणि आपल्या गावच्या डांबरी रस्त्यावर लोकांनी धानाचे भारे पसरले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी फुकट होते म्हणून दरवर्षी पसरतात. ट्रक त्यावरून सरळ जाते, तिला पत्ताही लागत नाही. तुमच्या हाताला ट्रकचीच सवय. तुम्ही ही गाडीही तशीच घातलीत. तिचं पोट तर रस्त्यापासून जेमतेम वीतभर. धानाच्या काड्यांची सगळी तणस खाली कोंबली गेली, तापलेल्या सायलेन्सरला लागली आणि धूर निघायला लागला. समोरचे काका बादली घेऊन धावत आले आणि पाणी मारता मारता ओरडले, "अगा भाऊ, हे गाडी होय का वखर?" तुम्ही पांढरा नवा शर्ट घालून रस्त्यावर उताणे पडलात, गाडीखालून मुठी भरभरून तणस ओढत होतात, आणि हसत होतात. आई दारात उभी. "कायले आणला हा लाल डब्बा?" "कायले म्हणजे? बसाले." "ह्यात बसलं त उठाले क्रेन लागन." तुम्ही धुळीने भरलेले तसेच उठून गाडी विहारापर्यंत नेलीत, मेणबत्ती लावलीत आणि गल्लीतल्या सगळ्यांना आळीपाळीने बसवून आणलंत. आई तेवढी बसली नाही.

पुढच्या पावसाळ्यात रोवणीला धान लावताना आई बांधीच्या ओल्या धुऱ्यावरून घसरली आणि तिच्या कमरेचा मणका चिरला. गोंदियाच्या डॉक्टरांनी महिन्यातून दोनदा दाखवायला सांगितलं. पहिल्या खेपेला तुम्ही मोठ्या आनंदाने गाडी दारात लावलीत. घरची गाडी असताना आपण कशाला लोकांच्या गाड्यांत कोंबून घ्यायचं. गाडीचे स्प्रिंग आधीच्या मालकाने कापून टाकलेले, ते काही दबतच नव्हते. रस्त्यावरचा प्रत्येक खडा आईच्या कमरेत जात होता. आमगावच्या रेल्वे फाटकापर्यंत तिने दात दाबून धरले. मग ती मोठ्याने रडायला लागली. आईला मोठ्याने रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "थांबवा. मले इथंच उतरवा." तुम्ही एक काळीपिवळी जीप थांबवलीत, मधली सीट पूर्ण मागून घेऊन तिला आडवं केलंत आणि तिच्यासोबत गेलात. मला तेव्हा गाडी येत नव्हती. मी फाटकाजवळ त्या गाडीत संध्याकाळपर्यंत राखण करत बसले. येणारे-जाणारे काचेतून आत वाकून पाहत होते.

त्यानंतर तुमचं ते सगळं सुरू झालं. आधी तुम्ही ट्रकवाल्याचं डोकं लावलंत. रिकामी ट्रक दणके देते, भरलेली देत नाही, म्हणून डिक्कीत तांदळाचे दोन कट्टे टाकलेत. पहिल्याच गतिरोधकावर गाडी पोटावर बसली आणि सायलेन्सर फाटून रस्त्यावर लोळायला लागला. मग तुम्ही ती घरघर करत गोंदियाच्या मिस्त्रीकडे नेलीत. मी बरोबर होते. मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली. "चाचा, लोग मेरे पास गाड़ी नीचे करवाने आते हैं. आप ऊपर करवाने आए हो?" तुम्ही म्हणालात, "हाँ. इतनी ऊपर, के मेरी घरवाली को नीचे का कुछ मालूम ना पड़े." तो हसला नाही, हे माझ्या लक्षात राहिलं आहे.

कापलेले स्प्रिंग गेले, उंच आणि मऊ आले. शॉकअप बदलले. रुंद चपटे टायर गेले आणि जाड साधे टायर आले. मोठ्या सायलेन्सरची थरथर पायांतून वर येते म्हणून तोही गेला, आणि गाडीचा आवाज एखाद्या शिक्षकाच्या गाडीसारखा झाला. पुढची खोलगट सीट काढून तुम्ही भंगारातून एक सपाट सीट आणलीत आणि गावातल्या गादीवाल्याकडून तिच्यावर कापूस भरून घेतलात. गादीवाला विचारत होता, गाडीला गादी काऊन? मागचा पंख मात्र तुम्ही राहू दिलात. "तो कोणाले टोचत नाई," म्हणालात.

प्रत्येक बदलानंतर परीक्षा. मला गाडी शिकवलीत ती त्याचसाठी. मी चालवायची आणि तुम्ही बाजूच्या सीटवर आईच्या जागी डोळे मिटून बसायचात. "मी आता तुझी माय आहो. चालव." खड्डा आला की तुम्ही कण्हून दाखवायचात, अगदी तिच्यासारखं. "इथं तिले लागन." थोडं पुढे गेलं की, "इथं ती मले शिवी देईन." एकदा देवरीच्या रस्त्याला समोर कोणी नाही असं पाहून मी वेग वाढवला. खरं सांगायचं तर गाडी सुंदर पळत होती. तुम्ही डोळे उघडलेत. "कोणाले घेऊन चालली तू? धानाचे कट्टे नाईत बसले इथं." मी लगेच वेग उतरवला. तुम्ही पुन्हा डोळे मिटलेत. तुम्हालाही तो वेग आवडला होता, हे मला तुमच्या चेहऱ्यावर दिसलं होतं, आणि तरी तुम्ही ओव्हरटेकचं नाव परत कधी काढलं नाहीत.

आई दारापुढच्या सपरीत बसून हे पाहत असते. तुम्ही घामाघूम होऊन विचारता, "आता बसतेस का? लोण्यासारखी झाली." ती म्हणते, "विका ते आणि साधी गाडी घ्या." तुम्ही म्हणता, "विकन. आधी तू एकदा बस." ती म्हणते, पुढच्या खेपेला पाहू. हा तिचा राग नव्हता, बाबा. तिला भीती होती. फाटकापर्यंतचा तो रस्ता तिच्या अंगातून गेला नव्हता. तुम्ही जबरदस्ती केली नाहीत. डॉक्टरच्या तारखेला कमरेचा पट्टा तुम्ही स्वतः तिला बांधून द्यायचात, काळीपिवळीत तिच्याजवळ बसून जायचात, आणि गाडी अंगणात उभी राहायची.

त्या दिवशीही डॉक्टरची तारीख होती, पण आईने सकाळीच जायला नाही म्हटलं होतं. तुम्हाला मिलमधल्या जुन्या सोबत्याने बोलावलं होतं. तुम्ही बसने निघालात. मी विचारलं, गाडी का नेत नाही. तुम्ही चप्पल घालता घालता म्हणालात, "राहू दे घरी. बुढीचं मन झालं त तू आण तिले."

दुपारी मिलमधून फोन आला. "चहा घेता घेता तुझे बाबा बाकावर आडवे झाले, गोंदियाच्या दवाखान्यात नेलं आहे, तुम्ही दोघी या." मी आईला एवढंच म्हटलं की बाबांना बरं नाही, मी काळीपिवळी पाहते. ती उठली. भिंतीला धरत अंगणात गेली, गाडीचं पुढचं दार तिने स्वतः उघडलं आणि तुमच्या त्या कापसाच्या सीटवर बसली. मी सवयीने सावकाश निघाले. गाव सुटल्यावर ती म्हणाली, "जोऱ्यानं चालव." मी म्हटलं, आई, रस्ता खराब आहे. "मी सांगून राहिली ना." मग मी चालवली, बाबा. ट्रका मागे टाकल्या, बस मागे टाकली. खड्डे चुकवायला वेळच नव्हता. फाटकाच्या रुळांवरून गाडी उडून आदळली. आई समोर पाहत होती. ती एकदाही कण्हली नाही, तिने दारावरच्या दांडीला हातसुद्धा लावला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तुमच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली, पण त्या गाडीत परत बसली नाही. मी विचारायची, ती म्हणायची, बसनंच बरं. लोक मला विचारतात, अशा गाडीची ही दशा कोणी केली. मी सांगते, माझ्या बाबांनी केली, आणि अशी केली की मणका चिरलेली माझी आई गोंदियापर्यंत आली आणि तिला एक दणका लागला नाही. ऐकणारे मान हलवतात. मलाही सांगताना बरं वाटतं.

पण त्या दिवशी घरी परतल्यावर मी पाहिलं, तिचा कमरेचा पट्टा खुंटीलाच होता. तो बांधायचं तिला सुचलंच नव्हतं. तेव्हापासून मला कळत नाही, की तुमच्या गाडीमुळे तिला दुखलं नाही, की दुखणं तिच्यापर्यंत पोचलंच नाही. हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकता येणार नाही, एवढं मलाही कळतं, म्हणून तुम्हाला सांगते. विचारायला मला पुष्कळ वेळ होता. आम्ही दोघी भाजी निवडत बसायचो, तिच्या कमरेला मी तेल लावायची, कितीदा शब्द तोंडाशी आला. आई कधी कोणाचं मन राखायला खोटं बोलली नाही, तुमचंसुद्धा नाही. म्हणून मी तिला विचारलं नाही.