डाव्या कुशीचा तक्ता

२ मार्च
लेकीला आठवा लागला आणि झोप उडाली. मी आलेय, आता काळजी नको. बोर्डिंगमध्ये डॉर्मिटरीची मॉनिटर होते मी. चाळीस मुली झोपवायचे. सिस्टर टॉर्च घेऊन पुढे, मी मागे. इथेही टॉर्च आणला. पट्टीने तक्ता आखला: वेळ, कूस, शेरा. मी मुळीच घाबरलेली नाही.

४ मार्च
अकरा, जागी. बारा, जागी. एक, जागी. डॉक्टरीणबाईंनी डावी कूस सांगितलीय आणि ही खुशाल उजव्या. हलवून वळवलं. "आत्ताच डोळा लागला होता गं, आई!" मग जागी कशी? तक्त्यात खोटं लिहिता येत नाही.

७ मार्च, पहाटे
कोमट दूध, तळपायाला तेल, जाड पडदे. फरक शून्य. जावई म्हणाले, "आई, तुम्ही जरा पडा ना." मला झोप कमीच लागते. तीनला ती निपचित दिसली. हातातून टॉर्च पडला. नाकाशी बोट धरलं. श्वास होता. दचकून उठली. विचारलं, झोप लागली का? लागली होती म्हणे.

८ मार्च
लिहायचं नव्हतं. हिच्या आधीचा. तेव्हाही आठवाच होता. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले. सकाळी पोट गप्प. सगळे म्हणाले, तुझी चूक नाही. जागी असते तर कळलं असतं. लेकीला ठाऊक नाही. सांगणार नाही, उगाच घाबरेल.

११ मार्च
तपासणी. बाळाचे ठोके छान, पण हिचं प्रेशर वाढलंय. झोप झाली नाही तर ॲडमिट व्हावं लागेल. मी तक्ता पुढे केला. नर्सने बोट फिरवलं. "काकू, या रोज घड्याळाच्या ठोक्याला जाग्या होतात?" म्हटलं, अगदी नेमक्या. जावई खिडकीबाहेर बघू लागले. "आणि चारला गाढ झोप?" लेक म्हणाली, "ते सोंग. नाहीतर आई हलत नाही." नर्स हसली. मी तक्ता घडी घालून पर्समध्ये टाकला.

परतताना गाडीत सांगून टाकलं. आधीच्याचं. तिने हात धरला. "माहितेय, आई. मावशीने कधीच सांगितलं. म्हणून तर टॉर्च सहन केला."

१२ मार्च
संकल्प: दहानंतर खोलीबाहेर पाऊल नाही. टॉर्च आणि तक्ता लेकीच्या स्वाधीन.

१३ मार्च, सकाळी पावणेदहा
संकल्प पाळला. दोनपर्यंत छताकडे बघत होते. मग दार हळूच उघडलं. टॉर्च. लेक, एक हात कमरेवर. मी डोळे मिटून लांब श्वास घेतला, बोर्डिंगमधली विद्या. "सोंग पुरे. सरक तिकडे." शेजारी डाव्या कुशीवर लवंडली, माझा हात पोटावर ओढून घेतला. एक लाथ. आणखी एक. ठरवलं, आता सकाळपर्यंत मोजत राहायचं.

डोळे उघडले तर लख्ख ऊन. शेजारी कोणी नाही. साडेनऊ! ताडकन उठून बसले. हाक मारायला तोंड उघडलं तर स्वयंपाकघरातून तिचं गुणगुणणं ऐकू आलं.

उशीवर तक्ता. तिचं अक्षर.

"दोन ते नऊ. बाळ: लाथा चालू. मी: झोपले. आई: गाढ झोप, उताणी. शेरा: घोरते."

मी घोरत नाही.